उत्तरेकडचं दिसणं

श्रीरामपूर
रविवार, १३ जुलै २०२५

शलमोनदादा,

सलाम. आपल्यात पत्राची सुरुवात ‘प्रभूमध्ये सलाम’ अशी करतात, हे मी विसरलेले नाही. पण प्रभूमध्ये आपलं भांडण नाही, ते श्रीरामपूरमध्ये आहे. म्हणून नुसताच सलाम.

अक्षर ओळखून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. कॅनॉलच्या अलीकडून पलीकडे तिकीट लावून पत्र पाठवणारी बाई या गावात पहिलीच असेन. पाकिटावर पत्ता लिहिताना पेन अडलं. तुझं घर मला बघून पाठ आहे, पण गल्लीचं नाव काय, घराला नंबर आहे का, काही ठाऊक नाही. शेवटी ‘कॅनॉलपलीकडे, पिवळं घर, मूळचे साळवे गुरुजींचे चिरंजीव’ असं लिहिलं. पोहोचलं तर पप्पांच्या नावाला अजून किंमत आहे असं समजू. फोन केला असता, पण फोनवर माणूस गप्प बसलेला ऐकू येतो. पत्रात निदान ती सोय आहे.

तर काम असं. आपल्या घरामागचा मोकळा प्लॉट आठवत असेल, वेड्या बाभळी आणि गल्लीतल्या यच्चयावत शेळ्यांचा. तो विकला गेला. घेणारे श्रीमंत कोरडे, मूळचे मिरजगावचे, इथे टायरचं दुकान आहे. आईबापांनी आशेनं ठेवलेलं नाव खरं करून दाखवणारी माणसं थोडी. हा त्यातला. खाली टायर ठेवायला, मध्ये राहायला आणि त्यावर आणखी एक मजला ‘आसावा म्हणून’, असा बेत आहे. पाया भरून झालाय, खांब वर आलेत. म्हणजे आपल्या गच्चीच्या उत्तरेला पडदा. कायमचा.

उताऱ्यावर अजून आपली दोघांची नावं आहेत. मी पालिकेत हरकत घेणार आहे. अर्जावर तुझी सही असली तर वजन येईल. कारण लिहिलंय: हवा आणि उजेड अडतो. अर्ज सोबत पाठवते, सही करून परत पाठव. चिठ्ठी नाही लिहिलीस तरी चालेल. नुसती सही.

आणि सहज विचारते, तुझ्या गच्चीवरून आपलं, म्हणजे आईचं, घर दिसतं ना? मध्ये ऊस असला तरी वरचा भाग दिसत असेल. तसं असेल तर तुझंही दिसणं अडणारच की. सहजच विचारलं. वहिनींना सलाम.

दया

*

१० ऑगस्ट

दादा,

सही आली नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोहोचलं. पोस्टखात्याचं अभिनंदन.

मी एकटीच्या सहीनं अर्ज दिला आणि तोंडावर पडले. कशी ते ऐक. तुला हसायला आवडेल, निदान पूर्वी आवडायचं.

फेब्रुवारीत या श्रीमंतरावांनी भूमिपूजन केलं, तेव्हा नवराबायको पेढे घेऊन घरी आले होते. त्यांच्या बायकोचं नाव पुष्पावती. बाई खरंच सोज्वळ, कपाळभर कुंकू, चपला पायरीखाली काढून आली. मी चहा ठेवला. श्रीमंतराव खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले की बाई, मागं जरा घर बांधतोय, तुमची काय हरकत न्हाई ना? आता मला सांग, हातात पेढा असताना मराठी माणूस यावर काय म्हणतो? मी म्हटलं, “छे छे, काही हरकत नाही.” कोणी पायावर पाय दिला तरी आपण हेच म्हणतो. सायकलवाल्यानं धडक दिली तर पडल्या पडल्या म्हणतो. मला वाटलं, चहाबरोबर म्हणायचं तेवढं मी म्हटलं.

पण श्रीमंतरावांनी ते धरून ठेवलं. त्यांच्या गावी शब्दाला शब्द म्हणतात. माझा अर्ज गेला, त्याची नोटीस त्यांच्या हाती पडली आणि हा गडी तसाच दुकानातून, टायरचे काळे हात घेऊन, कुंपणाशी येऊन उभा राहिला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं पडलं असतं, उत्तरं तयार होती.

“बाई,” म्हणाले, “तुमी सोताच्या तोंडानं म्हनला हुतात. आता तोंडी न्हाई आन लेखी हाय, आसं कसं?”

मी म्हटलं, ती बोलायची पद्धत असते.

“व्हय, पर मी तुमच्या पद्धतीवर पाया भरला ना.”

दादा, वर्गात साठ पोरी गप्प करणारी मी घरात आले आणि भांडी घासत बसले, तीही घासलेली. आणि खरं सांगू, त्या वेळी त्यांचा राग आला नाही. राग आला या शब्दाचा. इतकी वर्षं प्रत्येकाला ‘काही हरकत नाही’ म्हणत आले, ज्यांच्याबाबतीत असायला हवी होती त्यांनासुद्धा. पलीकडे घर बघितलंय, आम्ही वेगळं राहतो, असं तू सांगितलंस तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. तूही त्यावर पायाच भरलास.

असो. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. येशील का, असं विचारत नाही. तारीख तेवढी कळवते: सप्टेंबरची सतरा, सकाळी, पालिकेच्या वरच्या मजल्यावर.

दया

*

१९ सप्टेंबर

दादा,

आला नाहीस. बरं केलंस. जे झालं ते तुझ्यासमोर झालं असतं, तर मला गाव सोडून भिंगारला मावशीकडे राहायला जावं लागलं असतं.

नगररचनेचे साहेब तरुण आणि फार सभ्य. सभ्य माणसासमोर खोटं बोलणं किती जड जातं, हे मला माहीत नव्हतं. माझा अर्ज वाचून म्हणाले, मॅडम, नवं घर तुमच्या उत्तरेला आहे. उत्तरेकडून ऊन कसं अडेल? आणि हळूच, “इथं लिहिलंय की आपण भूगोल शिकवता.”

मी हार मानली नाही. म्हटलं, आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मे ते जुलै भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो.

साहेबांनी विचार केला. मग म्हणाले, “मेमध्ये भर दुपारी सावली मिळत असेल, तर ती अडचण कशी?”

श्रीमंतराव हसले नाहीत. पुष्पावती मात्र पदर तोंडाला लावून बसली. मग वाऱ्याचं निघालं. दोन घरांमध्ये नियमापेक्षा जास्त मोकळी जागा सोडलेली, नकाशा मंजूर, खिडक्यासुद्धा माझ्या बाजूला नाहीत. टायरवाल्यानं सगळं नियमानं केलंय, आणि अर्जात खोटं लिहिणारी एकटी मीच.

साहेब म्हणाले, “हवा अडत नाही, उजेड अडत नाही. मग अडतं काय?”

“दिसणं.”

“काय दिसणं?”

“माझ्या भावाचं घर.”

त्यांना वाटलं, तू अमेरिकेत वगैरे असशील आणि मी काहीतरी कवितेत बोलतेय. भाऊ कुठे असतात म्हणून विचारलं. मी सांगितलं, कॅनॉलच्या पलीकडे.

“मग जाऊन बघा की.”

सगळे हसले. शिपाईसुद्धा. मीही हसले आणि म्हटलं, “त्याची परवानगी कोणत्या खिडकीवर मिळते?”

पुन्हा हसले, पण पहिल्यापेक्षा कमी. साहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं. नियमात हवेची मापं आहेत, उजेडाची आहेत, अंतराची आहेत. दिसण्याचं कुठे काही नाही. माझी हरकत फेटाळली, तीही बिचाऱ्यांनी ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून’ फेटाळली.

आता इतक्या लोकांसमोर बोललेच आहे, तर तुझ्यापासून काय लपवू. नुसतं घर नाही बघत मी. घर बाराही महिने पिवळंच असतं, त्यात बघण्यासारखं काही नाही. मी नाताळची चांदणी बघते.

आईला माती दिली त्या दिवशी काय झालं, हे मी उकरत नाही. कबरेच्या एका बाजूला आपल्या जुन्या मंडळीचे पाळक, दुसऱ्या बाजूला तुझ्या नव्या पंथाच्या संगतीचे भाऊ गिटारवाल्यासह. दोघांनी एकाच वेळी प्रार्थना सुरू केली आणि आमेन कोणाला म्हणायचं हे लोकांना कळेना. आईचा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा की खोटा, हा वाद तिच्या पेटीवर माती पडायच्या आत सुरू झाला. तू काय बोललास, मी काय बोलले, ते दोघांनाही पाठ असेल. त्यानंतर तू या घराची पायरी चढला नाहीस आणि मी तुझ्या घराची.

पण त्याच डिसेंबरात एका संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर कॅनॉलपलीकडे लाल चांदणी. विकतची नाही. कामट्यांची, लाल जिलेटिनची, एक टोक आखूड. तू नजरेनं मोजतोस, पट्टी धरत नाहीस, पप्पा त्यावरून बोलायचे. तुझ्या संगतीत चांदणी लावत नाहीत, जगिक, ऐहिक समजतात, एवढं मलाही कळतं. तरी तू लावलीस. पुढच्या वर्षीही लावलीस. दरवर्षी एक टोक आखूडच. वहिनींचा दमा कसा आहे, तुझी शुगर किती, कोण सांगणार मला? ती चांदणी लागली की कळायचं, दादा आहे, शिडी चढू शकतोय, आणि अजून पट्टी वापरत नाही.

मी तिथे कठड्याशी उभी राहायचे. रोज. थंडीत डोक्याला आईची शाल गुंडाळून. हे अर्जात कसं लिहू?

दया

*

८ डिसेंबर

दादा,

तू काही लिहिणार नाहीस, हे मी आता धरूनच चालते. शिकवताना मी पोरींना सांगते, उत्तर दिशा शोधायची असेल तर एका स्थिर ताऱ्याकडे बघा. माझ्या बाबतीत उत्तरेकडून उत्तर येणं बंद आहे, आणि आता ताराही नाही.

आठवडा झाला डिसेंबर लागून. दरवर्षी तुझी चांदणी पहिल्या तारखेला लागते. रोज बघते, काही नाही.

श्रीमंतरावांचा वरचा स्लॅब नोव्हेंबरात ओतून झाला. खाली अजून टेकूच्या बल्ल्यांचं जंगल उभं आहे. मी कठड्याच्या या टोकाला जाते, त्या टोकाला जाते, टाचा उंच करते. एका फटीतून तुझ्या घराचा कोपरा दिसतो, गच्ची दिसत नाही. म्हणजे चांदणी असणार. तू लावली असणार, आणि याच्या सिमेंटमागे गेली असणार.

काल कुंपणाशी पुष्पावती भेटली. मी नको ते बोलले. म्हटलं, तुमच्या वास्तुशांतीला मला बोलावू नका, माझा सण तुमच्या स्लॅबमध्ये चिणलाय. संध्याकाळी तिनं कुंपणावर शेवग्याच्या शेंगा ठेवल्या होत्या. मी उचलल्या नाहीत. आज सकाळी उचलल्या. शेंगांचा काय दोष.

तू लावली आहेस ना? एवढंच कळव. एक ओळ. ओळ नको, हो किंवा नाही.

दया

*

२० डिसेंबर

दादा,

आज मी श्रीमंतरावांच्या स्लॅबवर चढले.

गेले होते भांडायलाच. शाळेला नाताळची सुट्टी लागली, दुपारपासून डोक्यात तेच. श्रीमंतराव गड्यांना घेऊन स्लॅबला पाणी मारत होते. मी खालून म्हटलं, तुमच्यामुळे मला माझ्या भावाची चांदणी दिसत नाही. ते वरून म्हणाले, “वर या, बाई. हितून बगा. आमच्या घरामागं आसंल तर हितून दिसंल का न्हाई?”

मुद्दा बरोबर होता. जिन्याला कठडा नाही, नुसत्या पायऱ्या. पुष्पावतीनं माझा हात धरला, दुसऱ्या हातानं मी भिंत धरली, आणि या वयात पदर खोचून वर गेले. दिवे लागायची वेळ होती. ऊस तोडून झालाय, त्यामुळे मधलं रान उघडं पडलंय आणि कॅनॉलचं पाणी चकाकत होतं. तुझं घर इतकं स्वच्छ दिसलं की मला जरा लाजच वाटली. माझ्या गच्चीवरून कधीच एवढं दिसलं नव्हतं. गच्चीवरच्या दोऱ्या, त्यावरची वहिनींची निळी साडी, पाण्याची टाकी.

चांदणी नव्हती.

स्लॅबचा काही दोष नव्हता. तू लावलीच नव्हतीस.

मी तिथेच उभी राहिले. श्रीमंतरावांनी पाण्याचा पाइप बंद केला. म्हणाले की बिमार आसतील. पुष्पावती म्हणाली की साडी वाळत घातलीय, म्हणजे घरात समदं बरं हाय. हे तिला सुचलं, मला नाही.

मग तिनं मला विचारलं, “बाई, आन तुमची चांदनी कुठं लावता वो तुमी?”

मी म्हटलं, लावलीय की पहिल्या तारखेलाच. आणि दाखवायला वळले.

दादा, मी आपलं घर तुझ्या बाजूनं कधी पाहिलेलंच नाही. इतकी वर्षं मी त्या घरात उभी राहून तुझ्याकडे बघत होते. तुझ्याकडून माझ्याकडे बघायला मध्ये कुठे पायच ठेवायला जागा नव्हती, नुसता ऊस. आज पहिल्यांदा या माणसाच्या स्लॅबवरून बघितलं. जिन्याची खोली, वर काळी टाकी, टाकीमागे अंधार. माझी चांदणी रस्त्याच्या अंगाला आहे, फाटकावर, कारण नाताळची गाणी म्हणत येणारी पोरं त्या बाजूनं येतात. चांगली विजेची, रंग बदलणारी, बाजारातली सगळ्यात मोठी. पहिल्याच वर्षी तुझी दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती आणली होती, तुला उत्तर म्हणून. आणि लावली दक्षिणेला.

पुष्पावती म्हणाली, “हिकडनं तर काईच दिसना.”

म्हणजे तू दरवर्षी लावत होतास, तुझ्या पाळकांची बोलणी खात असशील, आणि समोर आईच्या घरावर काळोख. एकदाही तुला वाटलं नसेल का, की दया बघतच नसेल? तसं समजून तू लावत राहिलास. मग सप्टेंबरात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की मी रोज उभी राहून बघते. माझ्या चांदणीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, कारण डोळ्यासमोरची गोष्ट काय लिहायची. तू ते पत्र कसं वाचलं असशील, हे मला आज कळलं. बघत होती, आणि तरी एक दिवा लावला नाही हिनं.

तुझ्या जागी मीसुद्धा लावली नसती.

स्लॅबवरच बसले मी, ओल्यात. श्रीमंतराव खाली गेले. मला वाटलं, रडणारी बाई बघून पळाले. थोड्या वेळानं वर आले ते एक लांब बल्ली खांद्यावर घेऊन.

“चांदनी काढून आना,” म्हणाले. “हितं उत्तरंच्या कोपऱ्यात बांदू. वायर आमच्या मीटरवरनं घेऊ.”

मी म्हटलं, तुमची वास्तुशांती व्हायची आहे अजून, आणि वर आमची नाताळची चांदणी?

ते म्हणाले, “मंग काय झालं? घराला उजीडच हुईल.”

आज काढेपर्यंत अंधार पडला, वायर पुरेना. उद्या बांधणार आहेत.

दया

*

रविवार, २१ डिसेंबर

दादा,

हे पत्र तुला नाताळानंतरच मिळेल. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते.

उपासनेहून आले तेव्हा श्रीमंतरावांनी बल्ली उभी केलेली होती, तीन बाजूंनी तार ओढून. दुकान बंद ठेवून हे केलं. मी ऊन उतरायच्या आतच वर गेले. चांदणी लागली. दिवसाउजेडी ती अगदी बाजारू दिसते. हिरवी होते, निळी होते, मग गुलाबी. तुझ्या पाळकांचं बरोबरच आहे, फार जगिक आहे. मी म्हटलं, एकच लाल ठेवता येत नाही का हिला? पुष्पावतीनं बटण दाबून दाबून ती लालवर आणली.

मग आम्ही तिघं नुसते उभे. मला वाटलं, कोणी बघणार नाही. रविवारी संध्याकाळी तुमची संगती असते, तू घरी नसशील. आणि असलास तरी इतक्या वर्षांनी या बाजूला मान वळवायचं तुला काय कारण?

पण सूर्य मावळायच्या बेताला तुझ्या गच्चीवर वहिनी आल्या, कपडे काढायला. काढता काढता थांबल्या. साडी तशीच दोरीवर ठेवून खाली गेल्या. मग तू आलास.

तूच होतास. खांद्यावरून ओळखलं, डावा जरा खाली. टोपी नवीन आहे. जिन्यातून बाहेर आलास आणि तिथेच थांबलास, पुढे कठड्यापर्यंत आला नाहीस. काही लावलं नाहीस, काही केलं नाहीस. उभा होतास. मीही उभी होते. मध्ये तोडलेल्या उसाचं रान आणि पाणी.

शेवटी श्रीमंतरावांनाच राहवेना. “हात करा की वो, बाई.”

आपल्या घरात हात करायची पद्धत नाही. स्टेशनवर सोडायला गेलो तरी पप्पा गाडी सुटायच्या आधी मागे वळायचे. मला हात किती वर करतात तेही कळेना. पण केला. पुष्पावतीनंही केला, श्रीमंतरावांनी तर दोन्ही केले.

तेव्हा तुझा हात वर गेला. तो मला केलास की टोपी सावरलीस, हे इतक्या लांबून सांगता येत नाही. तेवढ्यात अंधार पडला.

तू हात केलास असंच मी समजणार आहे. चूक असेल तर इथे येऊन सांग.

दया